काकांनी खुडलेले शेंडे

समोरच्या घरातले काका बेल कधीच वाजवत नाहीत, दाराबाहेर उभे राहून खाकरतात. आणि बोलतात ते सगळं ठाम. "आज बांगडा महाग असणार, लिहून घे." निम्म्या वेळा तो स्वस्त निघतो, पण काकांना त्याचं काही नसतं.

माझ्या कुंडीतल्या रंगीत पानांच्या कोलियसवर त्यांचं बारीक लक्ष होतं. "अगो, मुळं कुंडीच्या भोकातून बाहेर आली. श्रावण आहे, ऊन मऊ आहे, आत्ताच कुंडी बदल." मी टाळत होते. आईच्या अंगणातलं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी काकाच दोन बोटं मोठी कुंडी घेऊन आले. तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे, वर शेणखत घातलेली माती. झाड मातीच्या गड्ड्यासकट अलगद सोडवून त्यांनी नव्या कुंडीत बसवलं आणि मी नको म्हणेपर्यंत सगळे शेंडे खुडले. "आता दाट होईल, लिहून घे." शेंडे मुठीत घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी झाडाने मान टाकली. मी काकांशी बोलेनाशी झाले. त्यांचं खाकरणंही थांबलं.

मग एका सकाळी खुडलेल्या प्रत्येक जागी लाल पानांच्या जोड्या दिसल्या. इतकं हायसं वाटलं, की मी तशीच जाऊन काकांची बेल वाजवली.

त्यांच्या खिडकीत पाण्याचे पेले मांडलेले होते. प्रत्येकात माझ्या झाडाचा एकेक शेंडा, पांढरी मुळं फुटलेला.

"झाड जगलं, काका. पण हे कशाला?"

"जगलं?" काका मटकन खुर्चीत बसले. "गेलं असतं, तर तुझ्या दारात कुठल्या तोंडाने खाकरलो असतो गो?"