पहिला वेचा, दुसरा वेचा

मी काही शाळेत शिकलेली बाई नाही. अकोट रस्त्याच्या आत आमचं गाव, तिथल्या शाळेत बरीच वर्षं मी लेकरांची खिचडी शिजवली. गंजाखाली, त्या मोठ्या पातेल्याखाली, काड्या सारताना वर्गातला आवाज कानावर पडायचा. तांदळाच्या पोत्यावरची, किराण्याच्या पुडीवरची अक्षरं त्या आवाजाशी जुळवत जुळवत चाळिशी उलटल्यावर मी वाचायला लागले. म्हणून असेल, पण शाळेतलं काही समजलं नाही की गावातल्या बाया मॅडमकडे जायच्या नाहीत, माझ्या चुलीपाशी यायच्या. तेव्हा मला त्याचं मोठं कौतुक वाटायचं.

परीक्षेची पद्धत बदलली ते वर्ष. गाव आधीच थकलेलं होतं. लागोपाठ पिकं हातची गेलेली. बाप्ये पानठेल्यावर उभे राहिले तरी बोलायचे नाहीत. बाया तर बसलेल्या दिसायच्याच नाहीत, आपल्या वावरात नाही तर दुसऱ्याच्या. पोळा झाल्यावर मॅडमनी पालकांना बोलावलं, तर वीसेक जण आले आणि त्यातले अर्धे जांभया देत होते. मॅडम बिचाऱ्या अकोटहून एसटीनं यायच्या, तरुण होत्या, जीव तोडून सांगत होत्या. आता गुण नाहीत, श्रेणी. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा नाही, वर्षभर मूल्यमापन. आकारिक, संकलित. लेकरू काय करतं ते नोंदवहीत रोज लिहायचं. आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही.

मागून गाद्या भरणारे चाचा म्हणाले, "फेलच नाही करत त मॅडम, लेकरू भ्येईन कायले? आमच्या वक्ताले त रिझल्टच्या दिवशी आमी दोन चड्ड्या घालून जात होतो."

सगळे हसले. त्या वर्षात माणसं इतकी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पण हसून झालं तरी कुणाच्या तोंडावर काही समजल्याची खूण नव्हती. चौथीतल्या एका पोरीची माय माझ्याजवळच बसली होती. हातांना चिरा पडलेल्या, एक डोळा दाराकडे. ती म्हणाली, "मावशी, तूच सांग व. ह्या काय म्हनून राह्यल्या?"

मग मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "असं पाहा बायांनो. पऱ्हाटीचं सगळं बोंड एका दिवशी फुटते का? नाही फुटत. आज फुटलं त्याचा कापूस आज वेचायचा, राहिलं ते दुसऱ्या वेच्याला, त्यातूनही राहिलं ते तिसऱ्याला. मागं एकाच दिवशी वावरात जाऊन म्हणत होते, हे बोंड फुटलं नाही, टाका. आता तसं नाही. जे लेकरू जेव्हा उमललं तेव्हा त्याचं लिहून घेणार."

सगळ्यांच्या माना हलल्या. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आठ दिवस त्याच आनंदात खिचडी ढवळली.

दसरा गेला. वावरावावरात सीतादही झाली. पहिल्या वेच्याच्या दिवशी दहीभाताचा निवद दाखवतात, पऱ्हाटीवर दही शिंपडतात, मग बाया ओटी बांधून कापसाला हात घालतात. दरवर्षी त्या दिवसांत पोरी दोनचार दिवस कमी व्हायच्या. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली तरी सहा पोरी आल्याच नाहीत. खिचडी उरायला लागली. उरलेली खिचडी पाहून मला आधी समजलं, मॅडमना नंतर.

एका दुपारी मॅडमनी नोंदवही माझ्यासमोर धरली. कुणापुढे लिहिलेलं, गोष्ट सांगते. कुणापुढे, हातच्याची बेरीज करतो. आणि त्या चौथीतल्या पोरीपुढे नुसतं गैरहजर, गैरहजर, पान भरून. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी तुमचंच त्यांना कळलं होतं ना?"

रविवारी मी गुडघे धरत त्या पोरीच्या घरच्या वावरात गेले. मायलेकी पऱ्हाटीच्या एकाच ओळीत वेचत होत्या. पोरगी मायपेक्षा भराभर.

"शाळेत काहून नाही पाठवत पोरीला?" मी विचारलं.

माय माझ्याकडे पाहतच राहिली. "तूच त सांगतलं मावशी. पहिल्या वेच्याले नाही आलं त दुसऱ्या वेच्याले घेतेत. मजूर भेटून नाही राह्यला. हा कापूस झाला की धाडतो तिले. तिचं बोंड फुटन तवा फुटन. नापास त करत नाहीत न?"

ती मला टोमणा मारत नव्हती. माझंच बोलणं विश्वासानं मला परत सांगत होती. बांधावर कपाशीच्या बियाण्याची जुनी थैली पडली होती, तीत त्यांनी मीठमिरची बांधून आणली होती. मी ती पोरीपुढे धरली. "वाच गं, काय लिहिलंय?"

पोरीनं चित्र पाहिलं. "कापूस."

"चित्र नाही. हे."

तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. मग तिनं मायकडे पाहिलं.

माय ओटीतला कापूस धरून उभी. "चवथीत हाये न हे? वाचता काहून नाही येत?"

"नापास करत नाहीत असं मॅडम म्हणाल्या होत्या," मी म्हणाले. "वाचता आपोआप येते असं नव्हतं म्हटलं कुणी. पऱ्हाटी आपण पेरतो, निंदतो-खुरपतो, मग ती फुटते बाई. ते सांगायचं राहिलं माझ्याकडून."

ती वाकली आणि वेचायला लागली. बसस्टँडच्या बाकड्यावर बसावं तशी मी बांधावर बसून राहिले. निघताना पाठीमागून ती म्हणाली, "इतकं वावर राह्यलं मावशी. एकटीनं कसं करू, ते बी सांग न."



तरी पोरगी शाळेत यायला लागली. रोज नाही, आठवड्यातून तीन दिवस, कधी चार. खिचडी झाली की गंज घासता घासता मी तिला जवळ बसवून वाचून घ्यायची. बाकीच्या पाचांतल्या दोघी आल्या. तिघी त्या वर्षी आल्याच नाहीत.

एक मेला झेंडा झाला, प्रगतिपत्रकं वाटली. पोरीच्या पत्रकावर क श्रेणी होती आणि वर, चौथी उत्तीर्ण. माय कामावर जाता जाता आली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. तिनं पत्रक पाहिलंच नाही, घडी करून कमरेला खोचलं. मला म्हणाली, "ते राहू दे. पुस्तक दे."

पोरगी ओट्यावर बसली, माय शेजारी टेकली, आणि पोरीनं चार ओळी वाचल्या. अडखळत, बोट फिरवत. मायला अक्षर येत नाही. ती पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

"बराबर हाये?"

मान हलवून मोकळं व्हावं असं फार वाटलं मला. इतक्या दिवसांनी ती माय बसली होती.

"एक शब्द गाळला तिनं," मी म्हणाले.

मायनं डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. "आखीन एकदा वाच," ती पोरीला म्हणाली. "मी बसतो."