साक्षीची नक्कल

मी तेव्हा उमरग्याला एका भुसार दुकानात कामाला होतो. राज्य निजामाचं होतं. माझी शाळा उर्दूतून झालेली, आणि उर्दू लिहिता-वाचता येतं म्हणूनच मालकानं मला ठेवून घेतलं होतं. एका बाजारादिवशी आमच्या गावचा एक जण ज्वारी घालायला आला. मापावरून थोडी कुरबूर झाली. मी काही बोलायच्या आत तो भोवतालच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, “ह्याच्या बापानं अदालतीत जीभ फिरवली. ह्यानं तराजू फिरवला तर नवल काय?”

लोक हसले. मालकही हसला, पण हसून झाल्यावर त्यानं तराजूकडं एकदा बघून घेतलं. मला त्या माणसाच्या बोलण्यापेक्षा मालकाची ती नजर जास्त लागली.

जीभ फिरवल्याचं प्रकरण असं होतं. आमच्या शेताला लागून एका शेजाऱ्याचं शेत होतं. त्यांना मी काका म्हणायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका लहानपणापासूनचे दोस्त. दोघंही बांधावर बसले की कानडीत बोलायचे, आणि एकाच फडक्यातली भाकरी खायचे. काकांच्या शेतात जायची गाडीवाट गावच्या मोठ्या वतनदाराच्या रानातून होती. वतनदारानं एके साली ती काटे टाकून बंद केली. काकांनी दावा लावला आणि साक्षीदार म्हणून आप्पांचं नाव दिलं. साक्षीच्या दिवशी नेमके काका हिवतापानं पडून होते. आप्पा एकटेच वकिलाबरोबर गेले, साक्ष देऊन आले. पुढं दावा बुडाला. वकिलानं काकांना एवढंच सांगितलं, “तुमच्याच साक्षीदारानं घालवलं.”

त्या दिवसापासून काका आमच्या दारावरून जाताना मान वळवून जायला लागले. आप्पाही त्यांच्याकडं गेले नाहीत. आणि पुढच्याच वर्षी वतनदाराच्या विहिरीचं पाणी पाटानं आमच्या रानात यायला लागलं. आमच्या कोरडवाहू तुकड्यात पहिल्यांदाच मिरची उभी राहिली. मग गावाला आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

मी शाळेला बाहेरगावी होतो, म्हणून हे सगळं ऐकूनच माहीत. मिरची मात्र डोळ्यांनी पाहिली होती.

बाजाराच्या त्या प्रकारानंतर मी गावाकडं गेलो. आप्पा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. मी सरळ विचारलं, “आप्पा, तुम्ही अदालतीत काय सांगितलं होतं?”

ते थांबले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “जे होतं ते.”

“म्हणजे काय?”

“जे होतं ते,” असं पुन्हा म्हणून ते घमेलं उचलून बाहेर गेले. अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपुढं बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, “त्येंला इचारू नको बाबा. त्येंला आवडत न्हाय.”

आवडत नाही म्हणजे काय? ज्याचं काही चुकलेलं नाही त्याला सांगायला न आवडण्यासारखं काय असतं? त्या रात्री जेवताना ताटात मिरचीचा ठेचा होता. मी तो बाजूला सारला. आप्पांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचाही मी अर्थ लावला. लोकांचा संशय मला खोडून काढायचा होता, आणि तोच माझ्याही मनात येऊन बसला.

साक्ष अदालतीत उर्दूत लिहून घेतात आणि मिसल, म्हणजे खटल्याचे सगळे कागद, उस्मानाबादला जमा असते, एवढं मला माहीत होतं. कुणाला न सांगता मी गेलो. अदालतीच्या मागच्या अंगाला एका लांबट खोलीत जुन्या मिसली लाल फडक्यांत बांधून ठेवलेल्या होत्या. दाराशी मेज टाकून एक कारकून बसला होता. मी उर्दूत बोललो तसा त्यानं मान वर केली.

“कौन तुम? मुद्दई?”

मुद्दई म्हणजे दावा लावणारा. मी म्हणालो, न्हाय, साक्षीदाराचा मुलगा.

“साक्षीदाराच्या मुलाला जुनी मिसल कशाला होना?” तो अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलायचा. “किसने भेजा?”

“कुणी न्हाय. माझं मीच आलो.”

त्यानं माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडं. दिवसच तसे होते. निजामाविरुद्ध सभा कोण भरवतं, पत्रकं कोण वाटतं याच्या चौकश्या चालायच्या, आणि शिकलेला तरुण कागद मागायला आला की कारकुनालाही आपली नोकरी आठवायची. तो म्हणाला, “अर्जी पे मुद्दई की निशानी होना. उसके बगैर कागज दिखता नहीं, मिलता नहीं.”

म्हणजे आप्पांची साक्ष बघायची तर काकांचा अंगठा पाहिजे. जे आमच्याकडं बघतही नव्हते त्यांचा.

मी गेलो त्यांच्याकडं. काका खळ्यावर होते. मला बघून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

“बापानं धाडलं व्हय?”

“न्हाय काका. त्यांला ठाऊक पण न्हाय.”

“मग वतनदारानं?”

“कुणीच न्हाय. मला बघायचंय आप्पांनी काय सांगितलं ते. तुमाला बघायचं न्हाय?”

ते बराच वेळ धान्य पाखडत राहिले. मी जायला वळलो तेव्हा म्हणाले, “अंगठा तुझ्या हातातल्या कागदावर करनार न्हाय म्या. काय लिहिलंय मला काय कळतंय? उद्या त्याच कागदावर शेत बी जाईल. तिथं येतो. सायबाम्होरं करीन.”

असे आम्ही दोघं उस्मानाबादला निघालो. बसमध्ये ते पुढं बसले, मी मागं. नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा मी त्यांना माझ्यातली भाकरी देऊ केली. “हाय माझ्याजवळ,” म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्यातली स्वतःची काढली आणि पाठ करून खाल्ली.

अदालतीच्या आवारात लिंबाखाली अर्ज लिहून देणारे बसायचे. मला लिहिता येत असून काकांनी मला लिहू दिलं नाही. एकाकडून अर्ज लिहून घेतला आणि तो वाळायच्या आत दुसऱ्याकडं नेऊन वाचून घेतला. दुसऱ्यानंही तेच वाचलं, तेव्हा कारकुनासमोर उभं राहून अंगठा केला. अंगठा करून झाल्यावर कागदावर आणखी कुठं कोरी जागा राहिलीय का, ते बोट फिरवून बघितलं.

“कल आना,” कारकून म्हणाला.

मला वाटलं आता जवळच्या मठात जाऊन पथारी टाकावी. पण काका हलेनात. खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून बसले. दुपार कलली, आवारातली गर्दी विरळ झाली, तरी बसूनच. शेवटी कारकून बाहेर आला.

“मैं कागज बदल देता बोलको बैठे क्या, बाबा?”

“व्हय,” काका म्हणाले.

मला वाटलं आता तो हाकलून देणार. पण तो हसला, खोलीला कुलूप घातलं, ओढून दाखवलं आणि म्हणाला, “अब जाओ. मैं भी जातौं.” काकांनी तो गेल्यावर स्वतः एकदा कुलूप ओढून बघितलं. मठात झोपताना त्यांनी आपलं बोचकं उशाखाली घेतलं आणि तोंड माझ्याकडं करून झोपले. पाठ माझ्याकडं करायचा त्यांना भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी नक्कल मिळाली. साक्षीची आणि निकालाची, दोन्ही, शिक्का मारून. लिंबाखाली बसून मी वाचायला लागलो. काका कागदाकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत होते.

साक्ष लहान होती. ‘वाट आहे. मी लहानपणापासून तिच्यावरून गाड्या जाताना पाहिल्या आहेत. मुद्दईची गाडी जाते. पावसाळ्यात त्या रानात चिखल होतो तेव्हा मुद्दई गाडी ओढ्याच्या अंगानं नेतो.’ निकालात साहेबांनी हेच शेवटचं वाक्य धरलं होतं. दुसरी वाट आहे, मुद्दई ती वापरतो, सबब दावा चालत नाही.

“फिरून वाच,” काका म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

“तू त्याचा पोरगा,” ते म्हणाले आणि माझ्या हातातून कागद काढून घेतला.

मग आम्ही बाजारात वाचणारा शोधत फिरलो. एका चहावाल्यानं स्वतःहून विचारलं, कुठले, काय काम. काकांनी कागद लगेच आत घातला. एवढी चौकशी करणारा वतनदाराच्या ओळखीचा निघायचा, असं त्यांचं म्हणणं. एका हकिमाच्या दवाखान्यात शिरलो आणि तिथं बसलेल्या एकाची पगडी काकांना ओळखीची वाटली म्हणून तसेच बाहेर पडलो. शेवटी एका बोळात शेरवान्या शिवणारा म्हातारा शिंपी सापडला. त्यानं आमच्याकडं धड पाहिलंही नव्हतं, म्हणून तो काकांना चालला. चष्म्याची दोरी कानामागं ओढत त्यानं सावकाश वाचलं आणि मराठीत सांगितलं. मी सांगितलं होतं तेच निघालं.

“कुणाची साक्ष ही?” त्यानं कागद परत देताना विचारलं. काकांनी कागदाची घडी घातली आणि बोळातून बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले. तुळजापूर मागं पडलं. मग म्हणाले, “त्ये ओढ्याचं त्यानं आपनहून सांगितलं का कुनी इचारलं?”

मी त्यांच्याकडून नक्कल घेऊन पुन्हा उघडली. साक्षीत फक्त उत्तरं होती, एकाखाली एक. सवाल लिहिलेलेच नव्हते.

“कागदात न्हाय काका.”

“मग कागदाचा काय उपेग?”

खरं सांगायचं तर मीही त्याच जागी अडकलो होतो. आप्पा खोटं बोलले नव्हते, एवढं कळलं. पण खरं बोलूनही माणसाला घालवता येतं. नेमकं तेवढंच वाक्य, नेमकं तिथं, कुणासाठी?

गावात उतरल्यावर मला वाटलं, काका आता आपल्या वाटेनं जातील. ते सरळ आमच्या अंगणात आले. दिवेलागण व्हायची होती. आप्पा दोरी वळत बसले होते. त्यांनी आधी काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग काकांच्या हातातल्या कागदाकडं, आणि त्यांना सगळं कळलं.

“ओढ्याचं कुनी इचारलं तुला?” काका उभ्यानंच म्हणाले.

“वतनदाराच्या वकिलानं,” आप्पा म्हणाले. “चिखल झाल्यावर गाडी कुठनं नेतो म्हनला. म्या म्हनलं, ओढ्यानं. काय सांगायला पायजे हुतं? तू न्हेत न्हवतास?”

“न्हेत हुतो.”

“मग?”

काका खाली बसले. “मला सांगायचं हुतंस आल्यावर.”

“ताप उतरल्यावर तू आधी वकिलाकडं गेलास. माझ्याकडं आलास का? म्या वाट बघत हुतो. नंतर तू दारावरनं मान फिरवून गेलास. मग म्या कशाला सांगू?”

अव्वा दारात येऊन उभी राहिली. तिनं काकांसाठी पाणी आणलं. त्यांनी तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत.

“आन पाटाचं पानी?” त्यांनी विचारलं.

मी आप्पांकडं बघत राहिलो. हा सवाल विचारायची माझी कधी छाती झाली नव्हती. आप्पांच्या हातातली दोरी थांबली.

“म्या मागितलं न्हाय,” ते म्हणाले. “त्यानं पाट फोडून दिला. म्या माती घातली न्हाय.”

काका थोडं पाणी प्यायले, त्यांनी तांब्या खाली ठेवला, “बरं,” म्हणाले आणि गेले. नक्कल घेऊन गेले.

त्यानंतर ते रस्त्यात मान वळवेनासे झाले. अव्वा आजारी पडली तेव्हा येऊन बसले. आप्पांशी दोन शब्द बोलायचेही, पाऊसपाण्याचे, बैलांचे, पण मराठीत. बांधावर बसून कानडीत बोलताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. वाट तशीच बंद राहिली, आणि पाट पुढच्या हंगामातही वाहत राहिला. आप्पांनी त्यात माती घातली नाही.

माझं म्हणाल तर दुकानात कुणी काही बोललं तर आता मला उत्तर देता येत होतं. साक्ष खरी होती, शिक्क्यानिशी. पण वतनदारानं पाणी कशासाठी दिलं? मोठ्या माणसाला खऱ्या बोलण्याचा एवढा कळवळा कधीपासून? की साक्षीच्या आधीच कुणी आप्पांच्या कानात दोन शब्द घातले होते, की ओढ्याचं विचारतील, तेवढं खरं सांग? काही गोष्टी आप्पांच्या तोंडावरून वाचता यायच्या, ही आली नाही. ते असेपर्यंत मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारलं असतं तरी त्यांनी “जे होतं ते” एवढंच सांगितलं असतं, आणि कदाचित तेच खरं असेल.

निजामाचं राज्य गेल्यावर एकदा काका मला बाजारात भेटले. ती नक्कल अजून त्यांच्या घरात होती. वाचणारं कुणी नसलं तरी त्यांनी ती टाकली नव्हती. त्यांनी विचारलं, “आता राज बदललं. त्या जुन्या मिसली ठेवल्यात का जाळल्या?”

“ठेवल्यात म्हनं,” मी म्हणालो.

“म्हनं,” ते म्हणाले. “बघितल्या कुनी?”

मी बघितल्या नव्हत्या. तसं मी त्यांना सांगितलं, आणि आम्ही दोघं बैलबाजाराकडं चालायला लागलो.