शिवणवर्गातला एक रकाना

कोऱ्या मांजरपाटाला खळीचा एक आंबूस वास असतो. इतरांना त्या वासाने सणासुदीची, नव्या कपड्यांची आठवण येत असेल. मला मात्र संशय येतो. धामणगाव बढ्याच्या शाळेतली ती खोली, माघातलं कोवळं ऊन, कव्हरं घातलेली सरकारची दोन शिवणयंत्रं आणि खिडकीच्या गजांतून पिंजऱ्यातल्या वाघाकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहणाऱ्या गावच्या बायका, हे सगळं त्या वासात कायमचं मुरून बसलं आहे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा आठ-नऊच वर्षं झाली होती. कापसाची वेचणी संपत आली होती, पऱ्हाटीच्या ओसाड शेतांवरून येणारा वारा कोरड्या मातीचा गंध घेऊन घराघरांत शिरत होता, आणि सरकार फुकट काही देतं यावर आमच्याकडे कुणाचाच विश्वास नव्हता.

माझी थोरली बहीण कमळाताई तीन वर्षांपूर्वी सासरहून परत आली होती. परत आली म्हणणं सभ्यपणाचं झालं. मूल होत नाही म्हणून तिला आणून सोडलं होतं आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याने दुसरी केली होती. तेव्हापासून ती आमच्या घरी इतक्या निःशब्दपणे राबत होती की तिचं असणं केवळ भरलेल्या रांजणावरून आणि सारवलेल्या अंगणावरून कळावं. आईचे गुडघे धरलेले, आप्पा शाळेत मास्तर, आणि मी सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या नावाखाली दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसलेली. एके सकाळी भाकरी थापता थापता ताई आप्पांना म्हणाली, "मले शिवणं शिकाचं हाये. जलमभर तुमच्या चुलीपाशी नाही बसाची मी." आप्पांनी चष्मा पुसला आणि त्याच दिवशी चौकशी सुरू केली.

शिकायचं, पण शिकवणार कोण? बाजारातल्या शिंप्याला आप्पांनी विचारलं, तर तो कात्री न थांबवता म्हणाला, "बायाच मशीन चालवाले लागल्या गुरुजी, तं मी काय माशा मारू?" दवाखान्यातल्या डॉक्टरांची बायको विणकाम आणि मण्यांच्या पर्सा शिकवायची; पण उलट्या-सुलट्या टाक्यांच्या अधेमधे ती ताईच्या सासरची अशी काही खोदून खोदून चौकशी करी, की ताई अर्धा मफलर सुईवरच सोडून जी घरी आली ती पुन्हा गेली नाही.

आणि मग सरकारचा हा वर्ग आला. शिवण, विणकाम, मण्यांचं काम, सगळं एकाच खोलीत; शिकवायला मलकापूरहून आलेली, पांढऱ्या पातळातली एक उंच बाई. पहिल्या दिवशी वीसेक बायका जमल्या. बाईंनी वही उघडली, नाव, वय विचारलं आणि मग विचारलं, "मुलं किती?" झालं! कापड बेतायला लेकरं कशाला मोजतात? समोरच्या भिंतीवर चारच दिवसांपूर्वी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवून गेले होते. शेजारच्या गंगूकाकू पदर सावरत उठल्या, "हे शिवणाची सुई दाखवतेत अन् मंग दवाखान्यातली टोचतेत. चाला गं बयांनो!" खोली बघता बघता रिकामी झाली. शनिवारपर्यंत एकही नाव लागलं नाही, तर यंत्रं दुसऱ्या गावी जायची होती.

त्या तीन दिवसांत मी ताईची पाठ सोडली नाही. ती बाई मला लबाड वाटते, म्हणाले. तो प्रश्न ती तुला चारचौघांत विचारील, उत्तर ऐकून हसेल, म्हणाले. बाई हसेल असं मला कुठेही दिसलं नव्हतं. तरी मी तिचं ते हसू इतकं हुबेहूब रंगवलं की बोलता बोलता माझाच त्यावर विश्वास बसला. ताई तांदूळ निवडत ऐकत राहिली.

शनिवारी दुपारी मात्र ती धुतलेलं लुगडं नेसून निघाली आणि मी मागोमाग. खिडकीशी बायका होत्याच. बाईंनी नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि त्या रकान्यापाशी त्यांचा टाक थांबला. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्या काही विचारीनात. तेव्हा ताईच म्हणाली, खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "लिहा न बाई, शून्य. त्याच्यापायी घर गेलं माह्यं. मशीन तं नाही न जाणार?"

बाई हसल्या नाहीत. लेकरांसाठी बाजूला सतरंजी टाकायची होती म्हणून विचारत होते, असं त्या पुटपुटल्या. ते खरं होतं का, मला आजही खात्री नाही. पण ताईने कव्हर काढलं, पायट्यावर पाय ठेवला, आणि यंत्र असं काही खडखडलं की खिडकीतल्या दोघीजणी हळूच दारातून आत आल्या.

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा रांजण कोरडा होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने चूल पेटवत होते. धुराने डोळे चुरचुरत होते, आणि कुणाचा तरी विलक्षण राग येत होता. ताई शेजारी बसली. फुंकणी माझ्या हातून घेतली नाही.

"शाले, ते बाई हसत नसते, हे तुले ठावं होतं न?"

मी चुलीत आणखी एक काटकी सारली.

"मी जाऊ नये असं वाटे तुले."

"हाव," मी म्हणाले. सरकारवर, बाईवर, त्या रकान्यावर मी संशय घेत हिंडले, आणि ते सारं कशासाठी, तर माझ्या हाती घागर येऊ नये म्हणून! शरमेने मला वर बघवेना.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "उद्या पाणी आणाले लवकर ऊठ," एवढंच म्हणाली आणि बोटाला सुई टोचली होती ती जागा चोखत बसली. पुढे ती स्वतः शिवणबाई होऊन मोताळ्याला गेली, दर दिवाळीला माझ्या मुलींसाठी परकर-पोलकी शिवून पाठवत राहिली. मी ती आजही आधी उलटी करून शिवण तपासते. कुठे एखादा टाका सैल सापडावा, असं मला का वाटतं, कोण जाणे. अजून एकही सापडलेला नाही.