पुसलेलं गोंदण

डोळखांबच्या पाड्यांवर मी तरुणपणी ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले होते. पुढे शहापूरला कॉम्प्युटर घेतल्यावर त्या निगेटिव्ह स्कॅन केल्या आणि एक प्रोग्राम लिहिला. तो फोटोंवरचे डाग आपोआप पुसून वेबसाइटवर गॅलरी मांडायचा. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पाड्यावरची एक बाई बाजाराला आली, तेव्हा तिला तिच्या गेलेल्या आईचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "कपाळावरचं गोंदण कुठं रे? मेल्यावर तेवढंच संगती जातं, आन तू त्येच पुसलंस?"

गाढव प्रोग्रामला गोंदणही डागच वाटलं होतं! निगेटिव्हवर ते शाबूत होतं, हे नशीब. आता डाग मी हाताने काढतो. त्या बाईचे उपकार, माझ्या गॅलरीत एकही कपाळ कोरं नाही.