पहिला स्टार्ट

उस्मानपुऱ्यातले आमचे मेकॅनिक मामा वाद कधीच घालत नाहीत. आपण बोलत राहायचं, ते मान हलवत पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहतात. काम झालं की पहिला स्टार्ट मात्र त्यांचाच. स्वतः सीटवर बसून, पूर्ण रेस देऊन बघितल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

माझ्या ड्रॅग रेसच्या गाडीची फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारी पोलादी चकती, परत तडकली होती. मामा म्हणाले, रेसिंगची जाड प्लेट मागवा. ती यायला महिना लागणार होता आणि मला तेवढा धीर नव्हता. भंगारातल्या गाडीची साधी प्लेट आणून दिली. त्यांनी निमूट बसवली.

मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आज तुम्हीच बसा, भाऊ."

"का हो मामा?"

"रेस देताना पायाशी ही प्लेट फुटली तर पायच जातील. लई गाड्यांत बसलो मी. हिच्यात जीव धजत नाय."

ते लिंबाच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. मी सीटकडे बघितलं, मग खाली. मामांचे पाने-पेचकस तसेच पसरलेले होते. एरवी ते पेटीत गेल्याशिवाय मामा किल्लीला हात लावत नाहीत.

"काढा ती प्लेट," मी म्हणालो.