आईच्या अंगठ्याची साक्ष

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. घाटकोपरला दोन खोल्यांत आम्ही राहत होतो: मी, बायको, दोन मुली आणि नगरकडच्या खेड्यातून आणलेली माझी म्हातारी आई. मी जमीन-मोजणीच्या कचेरीत कारकून. इंचाचाही फरक खपवून घ्यायचा नाही ही तिथली सवय मी चर्चमध्येही नेली होती.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. आदल्या संध्याकाळी मी एका वहीत स्वतःला शंभरपैकी गुण द्यायचो. राग, खोटं बोलणं, चुकलेली प्रार्थना, यांचे गुण वजा. पन्नासाच्या वर गेलो तर पुढे जाऊन भाकर घ्यायची, नाहीतर बाकावर बसून राहायचं. त्या वर्षी सलग पाच महिने मी बसून राहिलो. शेवटचा आकडा एकतीस होता. तारण, म्हणजे पापातून सुटका, आपल्यासाठी नाहीच, अशी भीती मनात घर करून बसली होती. बायकोने विचारणं सोडून दिलं होतं. आईने सोडलं नव्हतं.

त्याच सुमारास कचेरीने माझ्या जन्मतारखेचा पुरावा मागितला. गावातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. उरली ती आई. एका शनिवारी सकाळी तिला घेऊन मी मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करायला गेलो.

गाव प्लेगमुळे रानात झोपड्या घालून राहत होतं, त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी हा झाला, असं तिने सांगितलं.

"आजी, हे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"मी तिथंच व्हते की, साहेब. ह्याला इचारून काय उपेग? ह्याला कुठं ठावं."

साहेब हसले. आईने अंगठा उठवला, त्यांनी सही केली.

बसच्या रांगेत आईने विषय काढलाच. "उद्या पुन्हा बाकावरच बसायचं हाय का?"

"आई, रांगेत नको."

"मग कुठं? चर्चात तर तू बसूनच असतोस."

मी आवाज खाली आणला. "तारण झालं असं मला आतून वाटतच नाही. तसं वाटायला नको का?"

"जन्मलास त्ये आठवतंय तुला?"

"नाही."

"मग माझ्या अंगठ्यावर कसा इश्वास ठेवलास? मला अक्षर येत न्हाई. तरी मला खोटं म्हणला न्हाईस. अन् देव सांगतोय, माझ्या पुत्रामुळं तुला जीवन दिलं, तर त्याला म्हणतोस, थांब, गुण मोजून बघतो. त्याला खोटं पाडतोस का रं?"

बस आली, तिला हात धरून चढवलं.

संध्याकाळी सवयीने वही उघडली. आईवर मनातून चिडल्याचेच दहा गेले असते. बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसलो. ही परीक्षा घ्यायला मला कुणी सांगितलं होतं, ते काही आठवेना. वही तशीच मिटली.

रविवारी पाळकांनी बोलावल्यावर उठून पुढे गेलो. भाकरीचा तुकडा कोरडा होता. अंगात विशेष काही वाटलं नाही. जन्मतानाही वाटलं नसावं. परत येताना बायकांच्या बाजूला पाहिलं, तर बायको डोळे पुसत होती आणि आई पदर सावरून, आपली पाळी आली म्हणून, गुडघ्यावर हात ठेवून उठत होती.