ओहोटीतला खांब

खाडीकाठच्या ओवुबिरी गावात प्रत्येक कर्त्या पुरुषाला दोन नावं असत. एक आईबापांनी ठेवलेलं, रोजच्या हाकेचं. दुसरं ढोलावरचं. पोकळ खोडाच्या त्या ढोलातून ते वाजलं की माणसानं हातातलं जाळं टाकून पुढं यायचं, उजवा हात वर करून ढोलाकडे बोट रोखायचं. ऐकलं, आलो. जो येणार नाही त्याला गाव दंड करी आणि दंड परवडला असं वाटावं अशी गाणी बायका त्याच्यावर रचत.

ही सगळी नावं इनातिमी पापाच्या मनगटांत होती. शंभराच्या वर. उत्सवाच्या दिवशी तो ढोलासमोर उभा राहिला की एखादं नाव सुरू करी आणि शेवटचा ठोका हातातच धरून ठेवी. जमलेल्या गर्दीवरून संथ नजर फिरवी. ज्याचं नाव तो बाकावरून अर्धा उठलेला, बसावं की उभं राहावं कळत नाहीये, बायका हसतायत, आणि मग तो ठोका! काय टाळ्या पडत! बारा मैलांवरची माणसं होड्या घेऊन यायची ते नाव ऐकायला नव्हे, तो थांबलेला हात बघायला.

त्या माणसानं चार वर्षं ढोलाला हात लावला नव्हता.

कारण गावाला ठाऊक होतं. दोन हजार पाच साली तहाच्या बोलण्यांसाठी म्हणून सरकारचे एक साहेब आले. कंपनीची तेलवाहिनी फोडणारी पोरं खाडीत लपून होती. त्यांना बोलवा, नुसतं बोलू, असं साहेब म्हणाले. पापानं नऊ नावं वाजवली. नऊ जण आले, अंगात इस्त्रीचे सदरे घालून. धक्क्यावरूनच त्यांचे हात बांधून नेले. दोन वर्षांनी सात परत आले. दोन आलेच नाहीत. त्यांतला एक दोउये. ते मेल्याची बातमी आली त्या आठवड्यात दोउयेचा धाकटा भाऊ पेरेवारी बंदूक घेऊन खाडीत गेला. पेरेवारी पापाचा सगळ्यात चांगला शिष्य. वाजवताना कुठं थांबायचं हे त्याला न शिकवता कळत होतं.

आता दोन हजार नऊचा ऑगस्ट होता आणि पापाच्या ओसरीवर पुन्हा एक साहेब बसले होते. निवृत्तीला आलेले कर्नल बितरुस, लांबच्या पठारावरचे, होडीतून उतरताना दोघांनी धरावं लागलेले.

"पापा, माफी जाहीर झालीय," ते म्हणाले. "बंदुका ठेवायच्या, घरी जायचं. खटला नाही. महिन्याला भत्ता, वर कामाचं शिक्षण. पण पेरेवारी येत नाही, आणि तो येत नाही तोवर या खाडीतलं कुणीच येत नाही."

"मग फोन करा. तीन फोन आहेत म्हणे त्याच्याकडे."

"उचलतो. शिव्या देतो. ठेवतो."

आत केळ्याचे काप तळणाऱ्या लायेफानं मान बाहेर काढली. पापाची बायको, चाळीस वर्षं खाडीत जाळं टाकलेली. "शिव्या शिकवायचे आम्ही पैसे घेत नाही, साहेब. राहा चार दिवस, तुम्हालाही येतील."

साहेब हसले. पापा हसला नाही. "माफीची ऑक्टोबरची मुदत संपली की?"

"मग माझ्या हातात काही नाही. सैन्याच्या बोटी येतील. तुम्हाला खोटं कशाला सांगू."

हे उत्तर पापाला आवडलं. आवडलं म्हणून भीतीही वाटली. त्यानं विचारलं, "मागं जे साहेब आले होते, त्यांचं नाव काय हो?"

"कोण, पाच सालचे? माहीत नाही. त्यांची बदली झाली."

"बघा. चार वर्षं मी हेच घोळवतोय. तुम्ही म्हणता, बोलाव, की मी ढोल वाजवतो आणि आमची पोरं येतात. कारण त्यांना नावं आहेत. उद्या सरकारनं शब्द मोडला तर मी काय वाजवू? सरकारला ढोलावर नाव कुठंय?"

लायेफानं कापांची बशी दोघांच्या मध्ये आणून ठेवली.

"पेरेवारीला मी बोलावतो," पापा म्हणाला. "पण आधी तुम्ही नाव घ्या. आमच्यासारखं. वाजलं की यायचं."

"मी पठारावरचा माणूस, पापा. मला पोहता येत नाही."

"पोहा कोण म्हणतंय? या म्हणतोय."

"आणि माझी बदली झाली तर?"

"नाव माणसाला असतं. खुर्चीला नसतं."

कर्नलनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. द्या."

दुसऱ्या दिवशी चौकात साऱ्या गावाच्या उत्साहाला ऊत आला होता. कुणी म्हणालं, 'होडीत डोळे मिटणारा' ठेवा. कुणी म्हणालं, 'दोघांच्या खांद्यांवर उतरणारा'. पापानं हात वर केला तसा गलका थांबला. त्यानं नाव सांगितलं ते ओहोटीतला खांब. भरतीला धक्क्यावर सगळेच असतात. पाणी उतरलं की होड्या निघून जातात आणि खांब तेवढा चिखलात उभा राहतो.

"खांब म्हणजे माझ्यावर पक्षी बसणार," कर्नल म्हणाले.

"बसतात, आणि दुसरंही काही करतात," लायेफा म्हणाली. "सोसा."

एकाच पेल्यातून दोघांनी ताडीची दारू घेतली. पापानं शिकवलं तसा कर्नलनी हात वर केला, तो डावा. बायका हसून हसून बेजार झाल्या. दुसऱ्यांदा उजवा केला. मग गावानं मागितलं ते त्यांनी कागदावर उतरवलं, पिण्याचं पाणी, दवाखान्यात कायमची परिचारिका, तिवरांच्या मुळांवरचं तेल साफ करणं. "पाण्याचा आणि परिचारिकेचा शब्द देतो," ते म्हणाले. "तेलाचा देत नाही. तेलासाठी भांडेन, एवढंच." खाली सही केली, एक प्रत गावाकडे दिली.

मग पापा ढोलाशी गेला. दुपारची ओहोटी होती, आवाज पाण्यावरून लांब जातो ती वेळ. मनगटं आखडली होती. त्यानं पहिलं नाव वाजवलं आणि बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण ते पेरेवारीचं नव्हतं. दोउयेचं होतं. मेलेल्याचं नाव असं कुणी वाजवत नाही. शेवटच्या ठोक्याआधी पापा थांबला, नेहमीसारखी गर्दीवरून नजर फिरवली. कुणी अर्धं उठलेलं नव्हतं. ठोका पडला. एकही हात वर झाला नाही.

त्यानंतर त्यानं पेरेवारीचं नाव वाजवलं, 'वादळात न उलटणारी होडी', तिन्ही सांजा होईपर्यंत.

पेरेवारी तिसऱ्या दिवशी आला. मागं अकरा होड्या. धक्क्यावर उतरला, बंदूक खांद्यावरच. कर्नलकडे त्यानं पाहिलंही नाही.

"भावाचं का वाजवलंस, म्हाताऱ्या?"

"तू त्याच्यासाठी गेला होतास. त्याला विचारल्याशिवाय तुला परत कसा बोलावू?"

"आणि तुझ्या या साहेबानंही फसवलं तर?"

"या वेळी फसवणाऱ्याचं नाव माझ्याकडे आहे."

पेरेवारीनं एकदा कर्नलकडे पाहिलं. मग बंदूक फळ्यांवर आडवी ठेवली आणि हात वर केला.

पुढची गोष्ट तशी सरळ आहे. अशा गोष्टी वाकड्या होतात त्या सावकाश. भत्ता आला, कधी वेळेवर, कधी उशिरा. परिचारिका आली आणि राहिली. गावातल्या दुसऱ्या सात पोरांनी कधी बंदूक धरली नव्हती, त्यांना काही मिळालं नाही. लायेफा म्हणाली, "ज्यांनी बंदूक उचलली त्यांना महिन्याचा पगार. मी चाळीस वर्षं जाळं उचललं, मला काय? मीही एखादी बंदूक घ्यायला हवी होती, हलकी बघून." लोक हसले, पण ती सात पोरं हसली नाहीत, हे पापानं पाहिलं.

पेरेवारी वेल्डिंग शिकून आला. प्रमाणपत्र चौकटीत बसवून आणलं. काम मागायला कंपनीच्या फाटकावर सहा वेळा गेला. कर्नलची वर्षभरात बदली झाली, मग ते निवृत्त झाले. पाण्याची टाकी उभी राहिली, नळ आले, पितळी, चकचकीत. पंप आला नाही. बायका कोरड्या नळाला जाळी वाळत घालू लागल्या.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये पेरेवारीनं पेट्रोलची चार पिंपं आणली आणि होडीचं इंजिन उघडून साफ केलं. पापा धक्क्यावर जाऊन त्याच्या शेजारी बसला.

"मासेमारीला एवढं इंधन?"

"पापा, तू आंधळा नाहीस, मीही नाही." पेरेवारी तेलकट हात पुसत होता. "बंदूक होती तेव्हा मंत्री माझ्या आईच्या हातचं सूप पीत होते. आता प्रमाणपत्र आहे, तर फाटकावरचा शिपाई आत सोडत नाही. त्यांना कुठली भाषा कळते हे मी ठरवलेलं नाही. त्यांनीच शिकवलंय."

जे खरं आहे त्याला उत्तर काय देणार? पापा एवढंच म्हणाला, "मला तीन दिवस दे."

"कशाला?"

"एक नाव वाजवायचंय."

पेरेवारी मोठ्यानं हसला. "तो खांब? तो आता घरी बसून नातवंडं खेळवत असेल. दोन दिवसांच्या वाटेवर तुझा ढोल ऐकू जातो होय?"

"तीन दिवस," पापा म्हणाला.

शाळेच्या बाईंकडे कर्नलचा नंबर होता. रोज दुपारी ओहोटीला पापा वाजवी आणि बाई फोन ढोलापाशी धरून उभ्या राहत. पहिल्या दिवशी कुणी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी उचलला. पलीकडून एक शब्द नाही, मग कट. तिसऱ्या दिवशी फोन बंद. त्या दिवशी पापानं हातातला शेवटचा ठोका इतका वेळ धरला की बाईंचा हात भरून आला. ठोका पडल्यावर त्यानं काठ्या फडक्यात बांधल्या आणि काही न बोलता घरी गेला. लायेफानं पुढ्यात ठेवलेलं ताट त्यानं तसंच ठेवलं. तिसरं नाव. दोन परत न आलेल्या त्या दोघांची होती, आता एक जिवंत माणसाचं, आणि तिन्ही वाजवून कुणी येणार नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी पेरेवारी पिंपं होडीत चढवत असताना भाड्याची एक होडी धक्क्याला लागली. तिच्यातून एक माणूस उतरला. म्हणजे नावाड्यानं उतरवला. साधा सदरा, हातात काठी, चेहरा राखेसारखा. फळ्यांवर पाय टेकल्यावर त्यानं आधी काठी डाव्या हातात घेतली, आणि मग उजवा हात वर केला.

"उशीर झाला," कर्नल बितरुस म्हणाले. "बस बंद पडली. आणि फोन नदीत पडला."

बातमी घराघरांतून पळाली. बायका आल्या त्या टाळ्या वाजवायला नव्हे. कुणी नळाची तोटीच काढून आणली होती. दुपारपर्यंत त्या बोलत होत्या आणि कर्नल उपड्या घातलेल्या टोपलीवर बसून ऐकत होते. मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पापाला वाटलं, सरकारनं एवढं जरी केलं असतं, नुसतं बसून शेवटपर्यंत ऐकलं असतं, तर निम्म्या बंदुका खाडीत गेल्याच नसत्या. मग वाटलं, पण नुसतं ऐकून नळाला पाणी येतं का?

तेच पेरेवारीनं विचारलं. "आलात, साहेब. मानलं. पण आता तुमच्या हातात काय आहे?"

"काही नाही," कर्नल म्हणाले. "मूळ कागद मी माझ्या जागी आलेल्या, खुर्चीतल्या माणसाकडे सोपवला आणि समजलो, झालं. चूक माझी. कागद खुर्चीतच राहतो." त्यांनी खिसा चाचपला. "येनागोआ शहरातल्या सरकारी कार्यालयात मला अजून ओळखतात. फाटकातून आत घेतील. माझ्यामागून आणखी कुणी आत शिरलं, तर मी काही दार लावून घेणार नाही."

"किती जण शिरतील?"

"मी निवृत्त माणूस आहे. मागं वळून मोजत नाही."

पेरेवारीनं पिंपांकडे पाहिलं. इंजिनाकडे पाहिलं. पापाला तो थांबलेला क्षण ओळखू आला, शेवटच्या ठोक्याआधीचा. त्यात कुणी बोलायचं नसतं.

"चार पिंपं आहेत," पेरेवारी शेवटी म्हणाला. "येनागोआला जाऊन येऊन पुरतील. रोज जावं लागलं तरी आठवडाभर पुरतील."

"त्यानंतर?" कर्नलनी विचारलं.

"त्यानंतरचं त्यानंतर. मी शब्द देत नाही."

"नको देऊ. मी दिला होता, बघ काय झालं."

होडी भरली. ती सात पोरं चढली, शाळेच्या बाई गावाकडची प्रत घेऊन चढल्या. लायेफा खाडीच्या पाण्याच्या बाटल्यांची टोपली घेऊन चढली. "नव्या साहेबाच्या चहाला हे घालीन," म्हणाली. "प्याला तर आपला, नाही प्याला तर त्याला कारण कळेल." कर्नल मधोमध बसले आणि दोन्ही कडा घट्ट धरून डोळे मिटले.

"पापा, ढोल घे," पेरेवारी म्हणाला. "नव्या साहेबाला नाव लागेल."

"लगेच नाही देणार. आधी पाणी उतरल्यावर कुठं असतो ते बघीन."

तरी ढोल चढवला, आणि ढोलामागं पापाही चढला. इंजिन सुरू झालं. तिवरांची काळी, तेलकट मुळं दोन्ही बाजूंनी मागं सरकू लागली. धक्का दिसेनासा होण्याआधी पेरेवारी मागून ओरडला, "दोउयेचं वाजव."

पापानं वळून पाहिलं.

"वाजव म्हणतोय ना."

हलत्या होडीत, गुडघ्यांत ढोल धरून पापानं ते नाव वाजवलं. शेवटच्या ठोक्याआधी हात थांबला. सवयीनं त्यानं नजर फिरवली. पेरेवारीचा एक हात इंजिनाच्या दांड्यावर होता. दुसरा, उजवा, वर गेला होता आणि बोट ढोलाकडे रोखलेलं होतं.

पापानं ठोका टाकला.